बाळाचा पहिला कप: फुलपात्र, सिपर की स्ट्रॉ? गोव्याच्या दमट हवेत काय चालतं

बाळ सहा महिन्यांचं व्हायला आलं की घरात उष्टावणाची तारीख काढायची गडबड सुरू होते आणि नेमक्या त्याच वेळी आईच्या मोबाइलवर सिपरच्या जाहिरातींचा पाऊस पडायला लागतो. तारखेचं भटजी बघून घेतील, कपाचं आपण बघू. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून दुकान गाठलं तरी चालेल: घरात उघडं, छोटं स्टीलचं फुलपात्र आणि बाहेर जाताना एक साधा स्ट्रॉवाला कप, बस्स. चोचीचा सिपर घ्यायलाच हवा असं काही नाही. आणि जो कप शेवटच्या रबरापर्यंत सुटा करून धुता येत नाही तो कितीही गोड दिसला, कितीही ब्रँडेड असला तरी आपल्याकडे घेऊ नका, कारण जून ते सप्टेंबर जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते तिथे सिपरच्या बुचातली ओल कधी सुकणार?

आता सविस्तर.

कधी सुरू करायचं

सहा महिने पूर्ण होईपर्यंत कप घ्यायची गरजच नाही, कारण त्यात घालायला काही नसतंच. डब्ल्यूएचओचं सांगणं स्पष्ट आहे, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा घामाच्या धारा लागतात तेव्हा आजी म्हणणारच, "अगो, चमचाभर तरी घाल, तोंड सुकलंय त्याचं." आजीचा जीव तुटतो ते खरंय, पण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उकाड्यात बाळ जास्त वेळा प्यायला मागतं आणि तेवढ्या वेळा पाजलं की भागतं. इवलंसं पोट पाण्याने भरलं तर दूध कमी जातं, आणि पाणी खराब असेल तर जुलाब वेगळेच.

सहा महिन्यांनंतर पेज, वरणभात, नाचणीचं सत्त्व असं वरचं खाणं सुरू झालं की जेवणाबरोबर दोन-चार घोट पाणी सुरू करायचं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा आकडा आहे ६ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२० ते २४० मिली, म्हणजे अख्ख्या दिवसात मोठ्या माणसाच्या एका ग्लासाएवढं, तेही जास्तीत जास्त. म्हणून "अडीचशे एमएलचा घेऊ की साडेतीनशेचा" हा प्रश्न या वयात उरतच नाही, जितका छोटा तितका बरा.

तयार आहे का हे कसं ओळखायचं? मांडीवर टेकून बसवलं की मान ताठ राहते, तुम्ही पाणी पिताना तुमच्या ग्लासाकडे टक लावून बघतं, हात पुढे करतं. एवढं पुरे. दात यायची वाट बघायची नाही.

आणि बाटली चालू असेल तर ती १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान पूर्ण सुटायला हवी. हे उगाच शिस्तीसाठी नाही. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, आणि बाटलीतून दूध इतकं सहज जातं की मूल दिवसाला लीटरभर दूध पितं आणि भाकरी-भाजीला तोंड लावत नाही, मग लोह कमी पडून अंगात रक्त कमी. वर्षानंतर गायी-म्हशीचं दूध दिवसाला अर्ध्या लीटरच्या आसपास पुरतं. ज्यांचं बाळ अंगावर पितं त्यांनी तर बाटली मध्ये आणूच नये, अंगावरून थेट फुलपात्रावर जाता येतं. आपल्याकडे दुधाच्या बाटलीची जाहिरात करायलाच १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ती टीव्हीवर कधी दिसत नाही. यावरून काय ते समजा.

कपांचे प्रकार, आणि कोणाला काय जमतं

आधी फुलपात्र. आपल्या प्रत्येकाच्या मांडणीवर आहे, लग्नात आहेर म्हणून आलेलं डझनभर कुठेतरी बांधून ठेवलेलं पण असतं, त्यातलं सगळ्यात छोटं काढा. साठ ते शंभर मिलीचं हवं. काठ जरा बाहेर वळलेला असतो ना, तोच कामाचा, त्याच्यावर खालचा ओठ नीट टेकतो. बाळ पहिल्यांदा उघड्या कपातून पितं तेव्हा जवळून बघा: आधी जीभ काठाला लावून चाटतं, मग खालचा ओठ काठाखाली स्थिर धरतं, वरचा ओठ खाली येऊन पाण्याला टेकतो आणि मग एक छोटा घोट आत ओढतं. ओठ मिटणं, जबडा स्थिर ठेवणं, जीभ आत घेणं हे सगळं एकाच वेळी शिकून होतं, आणि हे चोखण्यापेक्षा पूर्ण वेगळं काम आहे. म्हणून स्पीच थेरपिस्ट मंडळी उघड्या कपाच्या मागे लागलेली असतात.

आकाराच्या बाबतीत सांगायचं तर फेणीचा तो जाड बुडाचा छोटा ग्लास असतो तो मापाला अगदी बरोबर बसतो, पण तो काचेचा, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना काय सांगणार! त्यापेक्षा फुलपात्र बरं.

वजन बघा. फार हलकं असलं तर बाळ एका झटक्यात तोंडावर उपडं करतं, फार जड असलं तर उचलता येत नाही. घ्यायच्या आधी काठावरून स्वतःचा ओठ आणि बोट फिरवून बघा, स्वस्तातल्या स्टीलला कधीकधी काठाची कच राहिलेली असते.

बोंडलं. जुन्या घरांमध्ये चांदीचं किंवा पितळेचं बोंडलं अजून असतं, नाळी असलेली छोटी वाटीच ती. भांड्यात वाईट काही नाही, वाईट आहे ती पाजायची जुनी पद्धत, म्हणजे बाळाला पायांवर आडवं घेऊन नाळीतून धार घशात सोडायची. बाळ रडत असताना हे केलं तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोंडलं वापरायचंच असेल तर बाळाला उभं धरून, नाळ ओठाला लावून, ते स्वतः ओढेल तेवढंच. धार सोडायची नाही.

चोचीचा सिपर. यातही दोन जाती आहेत. एकात आत व्हॉल्व्ह असतो, उलटा केला तरी थेंब सांडत नाही, आणि प्यायला जोर लावून चोखावं लागतं, म्हणजे बाळाच्या दृष्टीने ती बाटलीच, नुसतं रूप बदललेली. दुसऱ्यात व्हॉल्व्ह नसतो, वाकडा केला की थोडं थोडं येतं, त्याला फ्री-फ्लो म्हणतात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस सहा महिन्यांपासून उघडा कप किंवा हा फ्री-फ्लोवालाच द्या म्हणते. न सांडणारा व्हॉल्व्हचा कप अमेरिकेत रिचर्ड बेलॅन्जर नावाच्या इंजिनीअरने आपला मुलगा घरभर सांडत सुटतो म्हणून बनवला, १९९२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मुलाला प्यायला शिकवण्यासाठी नव्हे, घर स्वच्छ राहावं म्हणून. त्यांच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे, त्यात दूध सांडलं की वास महिनाभर. आपल्याकडे लादी आहे, सोप्यावर बसवा नाहीतर मागच्या पडवीत, सांडलं तर फडकं फिरवा. जो प्रॉब्लेम आपल्याकडे नाहीच त्यावरचा उपाय पाच-सहाशे रुपये देऊन कशाला घ्यायचा, हे माझं म्हणणं.

कडक चोच जिभेच्या टोकावर बसते, त्यामुळे दिवसभर महिनोन्महिने तेच वापरलं तर जीभ पुढेच ठेवायची सवय राहते असं थेरपिस्ट सांगतात. घरात ऑलरेडी सिपर आलाय? फेकायची गरज नाही, व्हॉल्व्ह काढून टाका, झाला फ्री-फ्लो. प्रवासापुरता वापरा, बाकी वेळ फुलपात्र.

स्ट्रॉवाला कप. बाहेरगावी हाच. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून मुलं स्ट्रॉ ओढायला शिकतात, काही आधीही. स्ट्रॉ मऊ सिलिकॉनची असावी, तोंडात फक्त टोक जावं एवढीच बाहेर असावी. लांब असली की मूल ती जिभेवर खोलवर घेऊन बाटलीसारखंच चोखतं, म्हणून कापून आखूड करता येणारी असेल तर उत्तम. काही कपांत स्ट्रॉच्या खालच्या टोकाला वजन असतं, कप कसाही धरला तरी टोक पाण्यातच राहतं, सोयीचं आहे पण त्या वजनाच्या गोळ्यात काय अडकतं ते धुताना कळतं.

३६० डिग्रीवाला कप, म्हणजे वर गोल झाकण आणि कुठूनही ओठाने दाबून ओढायचं. सांडत नाही हे खरं. पण मूल त्यात काठ दाबून जोराने ओढायला शिकतं, उघड्या ग्लासात तसं केलं तर पाणी नाकात जाईल. रात्री उशाशी ठेवायला ठीक, शिकवायला नाही.

कशाचा बनलेला

स्टील माझं पहिलं. ३०४ ग्रेड मागा, १८/८ पण म्हणतात त्याला. स्वस्त भांड्यांत २०२ ग्रेड असतं, ते खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं, किनाऱ्याजवळ कळंगुट, कोलवा, मोरजी भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तिथे ग्रिलला आणि कपड्यांच्या चापांनापण गंज येतो. स्टीलची एकच अडचण, गरम पेज घातली की बाहेरून पण तेवढंच तापतं, तेव्हा मनगटावर थेंब टाकून आणि काठाला स्वतःचा ओठ लावून बघितल्याशिवाय द्यायचं नाही.

दुहेरी भिंतीचे, गरम ठेवणारे, रंगीत चित्रांचे स्टीलचे कप हल्ली खूप आलेत. त्यांत काही कंपन्या बुडाशी सील करायला शिसं वापरतात, २०२३ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ३ लाख ४६ हजार मुलांचे कप शिशामुळे परत घेतले गेले. बाळाला एकेरी भिंतीचंच बरं. दुहेरी घरात असेल आणि बुडाची चकती निघाली किंवा सैल झाली तर त्याच दिवशी बाद.

प्लास्टिक घ्यायचं तर उलटं करून त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, चालेल. ७ म्हणजे 'इतर', त्यात चांगलंही येतं आणि पॉलिकार्बोनेटही येतं, पॉलिकार्बोनेटमध्ये बीपीए नावाचं घातक मानलं जाणारं रसायन असतं. भारताच्या बाटल्यांच्या मानकात २०१५ पासून पॉलिकार्बोनेटला जागा नाही, अमेरिकेने २०१२ मध्येच बाटल्या आणि सिपरमधून ते काढलं. आकडा नाही, कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, असा जत्रेतला चकचकीत सिपर शंभर रुपयांत मिळाला तरी खेळण्यातच ठेवा. ओरखडे पडलेलं, पांढुरकं झालेलं प्लास्टिक बदलायचं, ओरखड्यांत जंतू बसतात. मेलामाइनच्या चित्रांच्या कपात गरम काही घालू नका.

सिलिकॉनचे छोटे उघडे कप येतात, पडले तरी फुटत नाहीत, हिरड्यांना लागत नाहीत. बाळ अगदीच आदळआपट करणारं असेल तर सुरुवातीला हे चांगलं. फक्त भांडी घासायच्या साबणाचा वास सिलिकॉन धरून ठेवतं, तेव्हा उग्र वासाचा साबण नको. काच नको, कारण सांगायला नको.

चांदी. बारशाला चांदीचा पेला, चांदीची वाटी आत्या-मावशीकडून येतेच. वापरायला हरकत नाही, जोडाच्या सांध्यात आणि नक्षीत दूध अडकतं तेवढं घासायचं, आणि पॉलिशची पावडर वापरली असेल तर ती पूर्ण निघाल्याशिवाय बाळाच्या तोंडाला लावायची नाही.

तांबं-पितळ मात्र थांबा जरा. सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची पद्धत मोठ्यांची, ती बाळाला लावू नका. आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस म्हणायचे त्याला. १९८० च्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासातून पुढे आलं की तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं दूध अगदी लहान वयात दिल्याचा त्याच्याशी संबंध असावा, दुधात तांबं उतरतं आणि तान्ह्याच्या यकृताला ते झेपत नाही. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार आता क्वचित दिसतो. आजीने जपून ठेवलेलं पितळी बोंडलं असेल तर ते शोकेसमध्ये छान दिसेल. आंबट काही, म्हणजे ताक किंवा कोकम, तर तांब्या-पितळेत नकोच नको.

दुकानात काय करायचं

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो, मडगावचं मार्केट असो की पणजीतलं मोठं बेबी स्टोअर, सॅम्पल पीस मागा आणि दुकानातच उघडा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. सगळे भाग सुटे करून काउंटरवर मांडा आणि मोजा. चारपेक्षा जास्त भाग निघाले तर मी परत ठेवते, कारण रात्री अकराला ते कोण धुणार हे आपल्याला माहीत असतं. मग बघा की प्रत्येक भागात बोट किंवा ब्रश पोचतो का. व्हॉल्व्ह मधोमध चिकटवलेला, उघडत नाही? नको. झाकणाच्या आतल्या खोबणीतली रबराची रिंग निघत नाही? नको. स्ट्रॉबरोबर बारीक ब्रश मिळतो का, सुटी स्ट्रॉ वेगळी विकत मिळते का हे विचारा, कारण सहा-आठ दात आले की मूल स्ट्रॉ चावून तुकडा पाडतं आणि तो घशात अडकू शकतो, तेव्हा एका स्ट्रॉपायी अख्खा कप फेकावा लागू नये.

वास घ्या. उग्र प्लास्टिकचा वास असेल तर सोडा. काठावर, म्हणजे ओठ लागतात तिथे, रंग किंवा स्टिकर नको. दोन हँडल असले तर सहा-सात महिन्यांच्या बाळाला धरायला सोपं जातं, पण तोच कप वर्षानंतर नकोसा होतो, त्यामुळे हँडल काढता येणारे असले तर बघा, नसले तरी काही अडत नाही. ऑनलाइन घेताना फोटोत सगळे भाग सुटे दाखवले नसतील तर मी ऑर्डर करत नाही.

शिकवायचं कसं, पायरी पायरीने

१. भूक आणि झोप दोन्ही नसलेली वेळ निवडा. जेवणाच्या मध्यावर छान. खाली फडकं, अंगावर लाळेरं, किंवा उकाड्यात नुसतं लंगोटावर बसवा, सांडलं तर तेवढाच गारवा.

२. बाळ उभं बसलेलं हवं, पाठीला आधार, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून कधीच पाजायचं नाही.

३. फुलपात्रात फक्त दोन चमचे पाणी, म्हणजे दहा मिली. इथेच बहुतेक घरात गडबड होते, अर्धं भरलं जातं आणि पहिल्या झटक्यात सगळं छातीवर. पण अगदी तळाशी थेंबभर असलं तरी कप खूप वाकवावा लागतो आणि बाळाची मान मागे जाते, तेव्हा भांडं छोटं असणं महत्त्वाचं, छोट्या भांड्यात दोन चमचेसुद्धा काठापाशी लवकर येतात.

४. काठ खालच्या ओठावर टेकवा आणि थांबा. ओतायचं नाही. पाणी वरच्या ओठाला जेमतेम लागेल एवढंच वाकवा आणि तिथेच धरून ठेवा, बाळ चाटेल, जीभ बाहेर काढेल, अर्धं गळेल, चेहऱ्यावर "हे काय आता" असा भाव येईल. एक घोट गेला की कप सरळ करा, गिळू दे, श्वास घेऊ दे, मग पुढचा. घाईघाईने एकामागोमाग घोट दिले की ठसका लागतो आणि मग मूल कप बघूनच तोंड फिरवतं.

५. त्याचे हात कपाला लावा, तुमचे त्याच्यावर. काही दिवसांनी तुमचा जोर कमी करत जा.

६. मान फिरवली, ओठ घट्ट मिटले, हाताने ढकललं, म्हणजे आज पुरे. जबरदस्ती नाही.

ठसका अधूनमधून लागणारच, खोकून स्वतः मोकळं होतं. आणि शेजारची मुलगी आठव्या महिन्यात पिते आणि आपला अजून गाळतो म्हणून हैराण होऊ नका. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी, तिच्या यादीत झाकण नसलेल्या कपातून, मध्येमध्ये सांडत का होईना, पिणं हा टप्पा १८ महिन्यांचा धरलाय.

स्ट्रॉ शिकवायची युक्ती वेगळी. स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचं भोक बोटाने दाबा, आत पाणी राहील, ते टोक बाळाच्या ओठात द्या आणि बोट उचला. स्ट्रॉतून पाणी येतं हे दोन-तीन दिवसांत डोक्यात बसतं. मग स्ट्रॉ किंचित खाली तिरकी करा म्हणजे थोडं ओढावं लागेल, आणि ओढलं की कपात घाला. दाबता येणारा मऊ कप असेल तर हळूच दाबून पाणी टोकापर्यंत आणून द्या. जोरात दाबलं तर घशात पिचकारी जाईल.

बाटली सोडवायची तर दिवसाच्या बाटल्या आधी बंद करा, दुपारची सगळ्यात सोपी. रात्रीची शेवटी. रात्रीच्या बाटलीत दूध कमी करत पाणी वाढवायचं असं बरेच जण करतात, चालतं, पण हे फक्त वर्षावरच्या मुलाला. बाळाच्या डब्याच्या दुधात पाणी वाढवून पातळ करायचं नाही, कधीच नाही. आणि दूध कपातून प्यायल्यावर दात पुसून किंवा घासून झोपवायचं, पहिला दात आल्यापासून, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट.

बसूनच प्यायचं

हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. नुकतं चालायला लागलेलं मूल तोंडात कप धरून धावतं, उंबऱ्याला अडखळतं आणि चोच टाळूत. अमेरिकेत १९९१ ते २०१० या वीस वर्षांत बाटली, चोखणी आणि सिपरमुळे लागून ३ वर्षांखालची ४५ हजारांवर मुलं इमर्जन्सीत नेली गेल्याचा अंदाज आहे, बहुतेक वेळा चालताना पडून तोंडाला मार. आपल्या जुन्या घरांचे उंबरे आणि पायऱ्या बघता इथे तर जास्तच काळजी.

धुणं, आणि पावसाळ्यातलं धुणं

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळं बरोबर केलं आणि इथे ढिलाई झाली तर फायदा नाही. व्हॉल्व्हवाला सिपर आठवडाभर नुसता खळबळून वापरला आणि मग व्हॉल्व्ह ओढून काढला की आतल्या खोबणीत करडी बुळबुळीत रेघ दिसते, बोटाला लागते, आंबट वास येतो. बाहेरून कप चकाचक. २०१६ मध्ये एका नावाजलेल्या परदेशी कंपनीला अमेरिका-कॅनडातून सुमारे ३१ लाख सिपर परत घ्यावे लागले ते याच कारणाने, व्हॉल्व्हमध्ये बुरशी. आणि तिकडे आपल्यासारखा तीन हजार मिलीमीटर पाऊस नाही.

वापर झाला की लगेच सुटे करा. दूध होतं तर आधी गार पाण्याने खळबळा, मग गरम पाणी आणि साबण, ब्रशने प्रत्येक खोबण, स्ट्रॉतून बारीक ब्रश आरपार. मोरीच्या कडेला पडलेल्या भांड्यांच्या ढिगाऱ्यात टाकायचं नाही, बाळाच्या वस्तूंना वेगळं टोपलं. सिलिकॉनचे भाग आणि स्टील आठवड्यातून दोन-तीनदा पाच मिनिटं उकळा, प्लास्टिकवर उकळायला चालतं असं लिहिलं असेल तरच ते.

सुकवताना एकेक भाग वेगळा, जाळीवर, पंख्याखाली. फडक्याने पुसलं तर फडकं धुतलेलं हवं, पावसाळ्यात किचनचं फडकं कपापेक्षा घाण असतं. ओला कप झाकण लावून कपाटात ठेवायचा नाही. एकाच कपावर दिवस काढायचा म्हटलं की तो कधीच पूर्ण सुकत नाही, म्हणून स्ट्रॉ तरी दोन ठेवा, एक वापरात, एक सुकत. फुलपात्राचं हेच तर सुख आहे, घासलं, उपडं ठेवलं, संपलं. काळे ठिपके एकदा सिलिकॉनमध्ये शिरले की व्हिनेगर, सोडा, ऊन काहीही लावा, निघत नाहीत, तो भाग टाकून द्या.

पाणी नळाचं असो की विहिरीचं, पावसाळ्यात गढूळ येतं, तेव्हा आधी गाळून, नीट उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळून, झाकून गार केलेलंच द्या.

कपात काय आणि काय नाही

पाणी. वर्षानंतर पाणी आणि दूध. संपलं खरं तर. वर्षाच्या आत ज्यूस नाहीच, घरी काढलेला पण नाही, १ ते ३ वर्षांत दिवसाला १२० मिलीच्या वर नाही, आणि मी म्हणते फळच द्या. गोड कोकम सरबत, पावडरची दुधं, ग्लुकोज हे दोन वर्षांपर्यंत टाळलेलं बरं, सोलकढी जरा मोठं झालं की घरच्या ताटातली, तिखट-मीठ बेताचं. शहाळ्याचं पाणी वर्षानंतर कधीमधी, रोजच्या पाण्याच्या जागी नाही. मध वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. आणि सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की आजोबा बशीत चहा ओतून त्यात पावाचा तुकडा बुडवून नातवाला भरवतात ना, ते प्रेम कळतं पण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तेव्हा पाव दुधात बुडवा.

सिपर किंवा स्ट्रॉकपात दूध भरून दिवसभर हातात देऊन ठेवायचं नाही. घोट-घोट करत दोन तास दूध तोंडात राहिलं की दात गेले. दूध जेवणाच्या वेळी, बसून, संपलं की कप बाजूला. मधल्या वेळी पाणी.

बाहेर जाताना

पाळणाघरात कपावर नाव लिहा, पाणी फक्त, आणि तिथल्या ताईंना सांगा की दुपारी उघड्या कपातून एकदा तरी द्या. कप रोज घरी आणून सुटा करून धुवायचा, तिथे धुतला असं सांगितलं तरी.

कदंबच्या बसमध्ये, चवथीला गावी जाताना, जत्रेला, स्ट्रॉवाल्यात पाणी. धक्क्यात चालत्या गाडीत उघडा कप नाही, कडक चोच किंवा स्टीलची स्ट्रॉ पण नाही. दूध गरम ठेवायच्या कपात भरून नेऊ नका, कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. बाळ डब्याच्या दुधावर असेल तर पावडर आणि गरम पाणी वेगळं न्यायचं, प्यायला सुरुवात केली की तासाभरात उरलेलं ओतून द्यायचं. तोंड लावलेलं पाणीसुद्धा संध्याकाळी फेका.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

प्रत्येक वेळी प्यायला की खोकला, पिऊन झाल्यावर आवाज घोगरा-ओलसर येणं, नाकातून पाणी बाहेर येणं, वारंवार छातीत कफ होणं, किंवा वर्ष-दीड वर्षाचं होऊनही ओठ मिटून एक घोट धरता न येणं, यातलं काही असेल तर कप बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लागलं तर ते बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला किंवा स्पीच थेरपिस्टकडे पाठवतील. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं, टाळूला फट असलेली बाळं, स्नायू ढिले असलेली बाळं यांना कोणता कप, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, वरचं माझं काहीही त्यांना जसंच्या तसं लावू नका. पिताना श्वास अडकला, ओठ निळे पडले तर मात्र वाट बघायची नाही, १०८.